दोरी ढिली करायची वेळ

दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा उलगली की 'पागेतून' सदराच्या पत्रांचा गठ्ठा दुप्पट होतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव. तापीकाठी घोडं पाहिलं, भाळले, पैसे मोजले, घरी आणलं आणि पंधरा दिवसांनी मला पत्र. बहुतेकांची तक्रार एकच, 'ऐकत नाही.' यंदा मी पाठ धरून ओसरीवरच्या खाटेवर आडवी आहे (घोड्यामुळे नव्हे, चंदीचं, म्हणजे घोड्यांच्या दाण्याचं, पोतं एकटीनं उचलायला गेले म्हणून), त्यामुळे उत्तरं लिहायला वेळच वेळ आहे. समोर दावणीला माझी पाचही जनावरं दिसतायत, तेव्हा मध्येच विषय सोडून त्यांच्याबद्दल बोलले तर चालवून घ्या.

मावशी, यात्रेतून तीन वर्षांची काठेवाडी घोडी आणली. देखणी आहे, चालीला हलकी आहे, पण कानाला हात लावू देत नाही. म्होरकी घालायला गेलो की मान आभाळात. विकणाऱ्याचा माणूस एका हातानं तिचा कान पिळायचा आणि दुसऱ्या हातानं लगाम चढवायचा. म्हणाला, 'असंच करा, दोन महिन्यांत वठणीवर येते.' मला ते करवत नाही. घरचे म्हणतात, परत देऊन टाका. – एक शेतकरी, सातारा जिल्हा

दादा, ज्यानं तुम्हाला औषध सांगितलं त्यानंच रोग दिलाय. काठेवाडीचे ते कान, टोकं आत वळून एकमेकांना भिडणारे, ज्यांच्यावर भाळून तुम्ही पैसे मोजलेत, तेच कुणीतरी मूठ भरून पिळलेत. घोडी मस्तवाल नाही. तिचा हिशेब सरळ आहे : माणसाचा हात मानेच्या वर आला की दुखतं.

आधी एक काम. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून कानात गोचीड, जखम, काही आहे का ते बघून घ्या. दुखऱ्या कानाला शिकवणी लागू पडत नाही. दुसरं, कानांवरून ओढून घालायची म्होरकी अडगळीत टाका आणि बकलाची आणा. ती मानेमागून फिरवून गालाशी बांधता येते, कानांना शिवावंच लागत नाही. म्हणजे रोजचं काम अडणार नाही आणि कानाची शिकवणी सावकाश चालू राहील.

आता शिकवणी. घोडीच्या डाव्या खांद्याशी उभे राहा, तोंडासमोर नको. बागडोर हातात, पण ढिली, मध्ये झोळ पडेल इतकी. हाताची पालथी बाजू तिच्या खांद्यावर ठेवा. तिथं तिला काही वाटणार नाही. मग वीतभर वर, मानेवर. आणखी वीतभर. आता हाताकडे बघू नका, घोडीकडे बघा. कुठं तरी एक जागा येईल जिथं कातडी ताणली जाते, नाकपुडी थबकते, कान तुमच्याकडे वळतो, श्वास अडतो. मान अजून हललेली नसते. त्या जागेच्या दोन बोटं अलीकडे थांबायचं, एक श्वास मोजायचा आणि हात काढून घ्यायचा. सगळा काढायचा, एक पाऊल मागे व्हायचं, दुसरीकडे बघायचं.

सगळी गोम इथं आहे. हात ठेवल्यानं घोडी शिकत नाही, हात निघाल्यानं शिकते. ती शांत असताना निघाला तर तिला कळतं, शांत राहिलं की हे जातं. तिनं मान झटकल्यावर निघाला तर तिला कळतं, मान झटकली की हे जातं. म्हणजे तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ इमानेइतबारे तिला मान झटकायलाच शिकवताय. वेळ चुकलीच आणि मान वर गेली, तर दोरी ओढू नका आणि हातही काढू नका. हात मानेवर जिथं आहे तिथं नुसता राहू द्या, वजन न देता. ती क्षणभर थांबेल. तो क्षण पकडा आणि मग काढा.

दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी, बस. माझ्याकडचा मोती असाच कान पिळलेला आला होता. उजवा कान चार दिवसांत दिला त्यानं. डाव्याला एकोणीस दिवस लागले, कारण पिळणारा माणूस नेहमी डावीकडून यायचा. मध्येच एकदा मी कंटाळले आणि 'आता होईलच' म्हणून सरळ कान धरला. पाच दिवस मागे गेले. आता समोर उभा आहे, आणि डाव्या कानामागे खाजवलं की खालचा ओठ लोंबता सोडून डोळे मिटतो.

घोडी डोकं खाली करेल, लांब फुरफुरेल, रिकाम्या तोंडानं चावल्यासारखं करेल. काही जण सांगतात की चावलं म्हणजे 'कळलं' असा इशारा. माझा तितका विश्वास नाही. मला ते ताण उतरल्याचं लक्षण वाटतं, भीतीनं कोरड पडलेल्या तोंडाला परत पाणी सुटल्यासारखं. म्हणजे त्याआधी ताण होता, हेही त्यातून समजतं. ती चावायला लागली की खूश होऊन हात आणखी पुढे नेऊ नका. तेवढ्यावर त्या वेळची शाळा सोडा.

घोडी परत देऊ नका. परत गेली तर पुन्हा त्याच मुठीत जाईल.

मी तेरा वर्षांची आहे. शनिवार-रविवार रायडिंगला जाते. माझा घोडा मैदानाच्या एकाच कोपऱ्यात, निळ्या पिंपाजवळ, रोज बुजतो. सर म्हणतात, 'मालक कोण आहे ते दाखव त्याला, टाच मार.' टाच मारली की जास्तच बुजतो. परवा मी पडले. आता तो कोपरा यायच्या आधीच पोटात गोळा येतो. माझं काय चुकतंय? – पुणे

अगं, पडलीस आणि पुन्हा बसलीस, यातच निम्मं आलं. हेल्मेटचा पट्टा मात्र हनुवटीखाली नीट लावलेला असू दे.

तुझ्या पोटात गोळा येतो ना, तो घोड्याला तुझ्याआधी कळतो. गोळा आला की तू श्वास धरतेस, मांड्या आवळतेस, लगाम चार बोटं आखूड होतो. आता त्याच्या बाजूनं बघ. रोज त्या पिंपाच्या वीस पावलं अलीकडे पाठीवरची मुलगी अचानक लाकडासारखी होते. मग पिंपात नक्कीच काहीतरी भयंकर असणार! वर टाच बसते, म्हणजे खात्रीच पटली.

घोडं माणसाचं अंग किती बारीक वाचतं, त्याची एक खरी गोष्ट सांगते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. त्याचा मालक, विल्हेल्म फॉन ओस्टेन, गणिताचा मास्तर. गणित घातलं की हान्स टाप आपटून उत्तर द्यायचा, आणि बरोबर द्यायचा. 1904 मध्ये जाणकारांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी शोधून काढलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नाही. तो टापा मोजतच नव्हता, माणूस वाचत होता. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं, खांदे अगदी किंचित सैल व्हायचे, त्याचं त्यालाही न कळता. तेवढ्यावर हान्स थांबायचा. गणित येत नव्हतं बिचाऱ्याला, पण मला तर तो जास्तच हुशार वाटतो.

पिंपाचंही थोडं ऐक. घोड्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे करता येत नाहीत, निळा-पिवळा मात्र चांगला दिसतो. म्हणजे ते निळं पिंप त्याला ठळक दिसतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या थेट पुढचं आणि शेपटीमागचं नाही. एखादी वस्तू नीट बघायची तर त्याला मान वर-खाली करावी लागते. तू लगाम आखूड धरलास की तेही बंद. आणि डावीकडून जाताना सवयीचं झालेलं पिंप उजवीकडून येताना पुन्हा नवीन वाटलं, तर तो नाटक करत नाहीये. त्या बाजूनं ते दिसतंच वेगळं.

तर या शनिवारी सरांना विचारून असं कर. पिंपापासून इतक्या लांबून गोल फिर, की तो त्याच्याकडे बघेल पण थांबणार नाही. त्याचा कान पिंपाकडे वळला की लगाम बोटभर सोड आणि मोठ्यानं सतराचा पाढा म्हण. हसू नकोस, पाढा म्हणताना श्वास धरता येत नाही, आणि सतराचा म्हणताना पिंपाचा विचारही करता येत नाही. गोल हळूहळू लहान कर. दोन्ही दिशांनी. कोपऱ्यापर्यंत पोचायला चार शनिवार लागले तरी लागू देत.

मालक कोण ते त्याला दाखवायची गरज नाही. सातबारा वाचता येत नाही त्याला.

आमचा घोडा माथेरानला बारा वर्षं धंद्यावर आहे. कधी कुणाला त्रास नाही. दोन महिन्यांपासून दस्तुरी नाक्यावर तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येतो. गिऱ्हाईक घाबरतं. तोंडावर दिली तर दोन दिवस नीट, मग तेच. – एक घोडेवाले

भाऊ, बारा वर्षं नीट आणि दोन महिने वाईट, हा स्वभाव नव्हे, हे दुखणं आहे. याला शिकवायला जाऊ नका.

खोगीर उतरवून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. कुठं तो पाठ खाली टाकतो का बघा. खोगिराच्या आतल्या भरावात गाठी झाल्यात का, हात फिरवून बघा. तंगाच्या आतल्या बाजूला तुमच्याकडची ती लाल माती आणि घाम मिळून खरबरीत पापुद्रा धरतो, तो रोज धुवा. दात दाखवा डॉक्टरांना. आणि पहाटेपासून उपाशी उभा असेल तर आधी कोरडं गवत द्या, मग तंग. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. रिकाम्या पोटी तंग आवळला तर तुम्ही-आम्हीही चावलो असतो.

तंग तीन वेळा मिळून आवळा. एक भोक, चार पावलं चालवा, दुसरं भोक. तोंडावर मारणं आजपासून बंद. त्यानं एवढंच होईल की तो इशारा न देता चावेल. आणि शंभर किलोचं गिऱ्हाईक आलं तर हात जोडून 'पायी चला, रस्ता सुंदर आहे' म्हणा. खोटं नाही ते.

वरातीची घोडी आहे. लग्नसराई तोंडावर. टेम्पोत चढत नाही. चार माणसं, मागून दोर, डोळ्यावर पोतं, सगळं करून झालं. परवा तीन तास गेले, वरात घोडीशिवाय निघाली, पार्टीनं पैसे कापले. काही युक्ती सांगा. – अकलूजजवळून

युक्ती विचारलीत, त्याआधी माझी फजिती ऐका.

1986 साली मी बावीस वर्षांची होते. आबा परगावी गेलेले आणि चांदणी नावाची आमची घोडी एका प्रदर्शनाला न्यायची होती. ट्रक दारात. ड्रायव्हरला घाई, तो दर दोन मिनिटांनी हॉर्न मारतोय. चांदणी फळीपाशी येऊन थांबली, मान खाली घातली आणि फळी हुंगायला लागली. आज मला कळतं की ती चढायच्याच विचारात होती. पाच मिनिटं दिली असती तर चढली असती. मी गल्लीतली सहा माणसं गोळा केली, मांड्यांमागून दोर घातला आणि 'हो हो' करून लोटली. फळीवर तिचा मागचा पाय घसरला, नडगीचं सालटं निघालं, पण चढली. वीस मिनिटांत. मला इतका अभिमान वाटला की संध्याकाळी आबांना मीच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. नुसता तिचा पाय बघत बसले.

त्यानंतर चार वर्षं चांदणी कुठल्याही ट्रकच्या तीस फुटांत आली नाही. दुधाचा टेम्पो आला तरी दावं तोडायची. वीस मिनिटं वाचवली होती मी!

शेवटी एका पावसाळ्यात, कुठं न्यायचं नव्हतं तेव्हा, एक मोडका ट्रेलर शेतात लावून ठेवला. पहिले चौदा दिवस तिची चंदी फळीपासून दहा पावलांवर, मग पाच, मग फळीच्या टोकाशी. एका संध्याकाळी तिनं पुढचा डावा पाय फळीवर ठेवला. फळी पोकळ वाजली, 'ठक'. ती दचकली आणि मागे झाली. मी दोरी सोडली. तिच्याबरोबर मीही मागे गेले, पाच पावलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग आपण होऊन परत आली आणि तोच पाय पुन्हा ठेवला. 'ठक'. पुन्हा मागे. अकरा वेळा झालं हे, मी मोजलं. बाराव्यांदा पाय ठेवून तिनं तोबऱ्यात तोंड घातलं.

तुमच्या घोडीलाही आधी उतरायला शिकवा, चढायला नंतर. आत जाऊन बाहेर येता येतं हे तिला ठाऊकच नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की आत गेलं की मागून बंद होतं. एक पाय ठेवला की तुम्हीच म्हणा, 'चल मागे.' दोन पाय, मागे. तिला मागे यायची इच्छा होण्याआधी तुम्ही मागे घ्या. टेम्पो असा लावा की उजेड आत पडेल. घोड्याच्या डोळ्याला लख्ख उन्हातून अंधारात सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे दुपारी दोनला तो टेम्पो तिला विहिरीसारखा दिसतो. आत पेंढा पसरा, फळीवर पोती टाका, म्हणजे आवाज बसेल. आत गेल्यावर मागची फळी लागेपर्यंत तोंड बांधू नका. मागे ओढ लागली आणि तोंड बांधलेलं असलं तर ती उलटी पडेल. तुम्ही स्वतः तिच्या थेट मागे कधीच उभे राहू नका. आणि डोळ्यावर पोतं पुन्हा नको. जे भीतीचं आहे ते तिला दिसलं तर पाहिजे.

हे दोन महिन्यांचं काम आहे आणि तुमची सराई तोंडावर आलीय, हे मला कळतं. या वर्षी चालत नेता येतील एवढ्याच सुपाऱ्या घ्या. लांबच्यांचा बयाणा परत करा. पोटावर पाय येतो, माहीत आहे. पण लग्नाच्या दिवशी, बँड उभा आणि नवरदेव घामाघूम असताना, कुठलंच जनावर काही शिकत नाही.

बाईसाहेब, आपलं सदर नेमानं वाचतो. धीर धरा, श्वास घ्या, दोरी सोडा! मराठ्यांची घोडी अटकेपार गेली ती असे चोचले पुरवून नव्हे. घोडं चाबकानंच वळतं. हे सगळं परदेशी खूळ आहे. – एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

गुरुजी, तुम्ही नेमानं वाचता हे वाचून बरं वाटलं.

अटकेपार गेलो, 1758 साली, कबूल. पण त्या स्वारीत घोडं आणि माणूस एकाच जागी झोपायचे. आपली भीमाकाठची भीमथडी घोडी अंगानं लहान, काटक, मिळेल ते खाऊन चालणारी. रात्री नदी उतरताना जे घोडं आपल्याच स्वाराला बिचकतं, त्याच्यावर जीव टाकायला तुम्ही तयार व्हाल? मी नाही होणार.

माझे आबा चाबुकस्वार होते. घोडं फिरवणाऱ्याला आपल्या भाषेत शब्दच तो, म्हणजे तुमचा मुद्दा अर्धा सिद्ध! त्यांचा चाबूक अजून माझ्या ओसरीवर खुंटीला आहे. ते बहुतेक वेळा त्याचा उपयोग लांब हातासारखा करत, खांद्यापाशी नुसता दाखवून. पण मारत नसत असं मी म्हणणार नाही. मारत. आणि मी पाहिलेलं सांगते : आबांनी मारून तयार केलेलं घोडं आबांच्या हाताखाली खांबासारखं उभं राहायचं, आणि आबा पंढरपूरला गेले की मोतद्दाराला, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्या गड्याला, जवळ फिरकू द्यायचं नाही. ते शिकलं होतं आबांना भ्यायला. उभं राहायला शिकलंच नव्हतं.

परदेशी खूळ म्हणाल, तर ते फार जुनं खूळ आहे. झेनोफन नावाच्या ग्रीक सरदारानं चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की रागात घोड्याजवळ जाऊ नये, आणि जबरदस्तीनं करवलेल्या गोष्टीत घोड्याला समज नसते, जसं नर्तकाला फटके मारून नाचवलं तर नसेल. तो काही हळवा माणूस नव्हता, लढाया केलेला होता.

आणि परदेश कशाला, सोलापूरकर तुम्ही, माउलींच्या पालखीचं रिंगण पाहिलंच असणार. चहूबाजूंनी माणसांच्या भिंती, टाळ-मृदंग कानात बसतील असे, आणि मधून अश्व दौडतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, आणि माउलींच्या अश्वावर कुणीच नाही. ना मांड, ना टाच. दौड संपली की टापांखालची माती कपाळाला लावायला लोकांची झुंबड, घोड्याच्या पायांतच. हे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, बेळगाव जिल्ह्यातून आळंदीपर्यंत चालत. वाटेतली गावं, ओवाळायला आलेल्या बाया, पायांना हात लावणारी पोरं, भोंगे. ती वाटच मला त्यांची तालीम वाटते. त्या गर्दीत चाबूक उगारून पाहा बरं काय होतं ते.

एक मात्र तुमचं मान्य. धीर म्हणजे लाड नव्हेत. माझ्या पायावर पाय देणारं घोडं मी खपवून घेत नाही, दोरीला झोळ असतो म्हणून दोरी नसते असं नाही. मागे हो म्हटलं की मागे व्हायलाच लागतं, होईपर्यंत मी हलत नाही. झालं की लगेच सोडते. आबा आणि मी यात फरक एवढाच की त्यांना सुरुवात नेमकी साधायची, मला शेवट.

घोड्याला गूळ किती द्यावा? – लातूर

सुपारीएवढा. तोही हातातून नको, घमेल्यात टाका, नाहीतर महिन्याभरात तो तुमचे खिसे फाडायला लागेल आणि तुम्ही म्हणाल घोडं खोडकर आहे. आणि पेंड-धान्य एकदम वाढवू नका. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेली चूक पुढेच सरकते. 'घोडं कुठं पेंड खातं' हे कळलं नाही तर पोटशुळानं रात्र जागवावी लागते.

आमच्या घोडीला शिंगरू झालंय, तीन महिन्यांचं. इतकं माणसाळलंय की मागच्या पायांवर उभं राहून पुढचे पाय माझ्या खांद्यावर ठेवतं! सगळे मोबाइलवर शूटिंग करतात. पण परवा माझ्या आईच्या अंगावर तसंच गेलं आणि ती पडली. बाबा म्हणाले, एक ठेवून दे. मारू का? – नगर जिल्हा

नको. ज्याचं कौतुक सोमवारी केलं त्यासाठी मंगळवारी मार, असं झालं तर त्याला काय कळणार? आईंना लागलं नाही ना फार? त्यांना म्हणावं, चूक शिंगराची नाही.

त्याला वाटतंय तुम्ही दुसरं शिंगरू आहात. शिंगरं एकमेकांशी असंच खेळतात. आज गंमत आहे, तीन वर्षांनी हेच साडेतीनशे किलोचं होऊन खांद्यावर पाय ठेवायला येईल. तेव्हा खेळ कुणाशी खेळायचा ते आता ठरवा, आणि घरात सगळ्यांनी एकच ठरवा. शूटिंग करणाऱ्या चुलतभावांनीसुद्धा.

पुढचे पाय उचलायच्या बेतात आलं, म्हणजे मान वाकडी करून अंग मागे तोललं, की बोलू नका, ओरडू नका, हसू तर मुळीच नका. दोरी हातात असेल तर एक पाऊल बाजूला होऊन त्याला चालतं करा. चालणारं शिंगरू उभं राहू शकत नाही. मोकळं असेल तर पाठ न दाखवता बाजूला होऊन कुंपणाबाहेर निघून जा. चारही पाय जमिनीवर ठेवून ते शांत उभं राहिलं की परत या आणि आयाळीच्या मुळाशी, जिथं मान संपून पाठ सुरू होते, तिथं बोटांनी चांगलं खाजवा. मान लांब करून ओठ हलवायला लागेल. पुरे झालं असं त्याला वाटायच्या आधी थांबा.

आणि जमलं तर एक सकाळ घोडीकडे बघत बसा. तिला पाजायचं नसतं तेव्हा ती त्याला मारत नाही, समजावतही बसत नाही. कान मागे टाकते, चार पावलं पुढे जाते आणि गवताला तोंड लावते.